शेवटची खुंटी

‘दुधाच्या भांड्याला बाई, न्हाई पुसावं लागत
माझ्या बोटाच्या उबंनं, दही रातभर जागत...’

हा आवाज अव्वाचा, शांभवीच्या आईचा. शिरोळकडच्या गावात, चुलीची धग उतरली की बसव्वा दुधाच्या पातेल्यात करंगळी बुडवून ऊब बघायची. बोट दुधात असेतो ओवी थांबायची, आणि बाहेर आलं की जिथं सोडली तिथूनच पुढं सुरू व्हायची. शांभवी तेव्हा तेरा वर्षांची होती. शेजारच्या घरातल्या मैत्रिणी अशा वेळी परड्यात पोतं टाकून बसायच्या, म्हणून तीही त्या दिवशी आपणहून मागच्या दारात पोतं अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. पोटात कुणीतरी ओलं लुगडं पिळत होतं. ओवी मध्येच थांबली. अव्वा दारात आली, कमरेवर हात ठेवून तिनं पोरीकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘ऊठ की गं! बसलीयास काय देवळातल्या नंदीगत? इरजान कोण लावणार?’ शांभवी पुटपुटली, ‘अव्वा, मला...’ ‘ठावं हाय मला काय झालंय ते. गळ्यात काय हाय तुझ्या? लिंग हाय न्हवं? मग चार दिस ते काय खुंटीला टांगून ठेवतीस व्हय? अंगावर शिव असताना ईटाळ शिरंल कुठनं?’ आणि तिनं पोरीचं बोट धरून सरळ दुधात बुडवलं. सकाळी दही असं लागलं होतं की वाटी उपडी केली तरी हलेना.

तो आवाज तीस वर्षांनी तिला ऐकू आला तो डेअरीच्या लॅबमध्ये, अठ्ठ्याण्णव सालच्या नवरात्रात, सातव्या माळेला, सकाळी सव्वाआठ वाजता. तिनं कोमट पाण्यातून विरजण घातलेल्या दुधाची तिसरी काचनळी उचलली होती, कपड्यानं पुसली होती, आणि रोजच्यासारखा हात न बघताच उजवीकडं लांबवला होता. अकरा वर्षं त्या बाजूला, तिच्याबरोबर दूध तपासणाऱ्या सयाजीचा हात असायचा. नळी तिच्या बोटांतून त्याच्या बोटांत जायची, तो ती तिरकी करून खिडकीशी धरायचा आणि व्हॉल्ववरच्या बाळासोला ओरडून सांगायचा, ‘सोड!’ नळी टेबलावर ठेवायची नाही, हा त्या दोघांचाच नियम होता. टेबलावर ठेवलेली नळी विसरली जाते, एकीच्या जागी दुसरी उचलली जाते, म्हणून हातातनं हातात. त्या दिवशी हात लांबलेलाच राहिला. काचेची ऊब बोटांत निवत गेली. तिनं वळून बघितलं. सयाजी दोन पावलं मागं सरकला होता, अनवाणी, कपाळावर कुंकवाचा मळवट, गळ्यात गुरुमाळ, दोन्ही हात पाठीशी बांधलेले. नजर तिच्याकडं नव्हती. दाराजवळच्या खुंट्यांच्या ओळीकडं, तिथल्या शेवटच्या खुंटीकडं होती. अगदी मऊ आवाजात, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, ‘खाली ठेवा, आक्का.’

मऊ आवाजाची किळस येते हे तिला तोवर माहीत नव्हतं. कोणी खेकसलं असतं तर तिनं दुप्पट खेकसून घेतलं असतं. कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. पण ह्या आवाजात माया होती. हा तोच सयाजी होता. सर्दीनं तिचं नाक बंद झालं की सकाळच्या डॉकवर तिच्या वाटणीच्या कॅनची झाकणंही तोच हुंगायचा आणि म्हणायचा, ‘आज माझ्या एका नाकपुडीचा पगार तुम्हाला, आक्का.’ झाकण उघडताच नाकाशी धरायचं, एक श्वास. आंबूस, धुराटलेलं, कांद्याची पात खाल्लेल्या म्हशीचं, आजारी जनावराचं, सगळं त्या एका श्वासात कळायला हवं. एकाच झाकणावर आधी तिचं नाक, मग त्याचं. नवऱ्याच्या इतक्या जवळ ती चारचौघांत कधी उभी राहिली नव्हती, आणि त्यात कधी कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, तिला तर नाहीच. भावाबहिणीचं म्हणावं तर तसंही नव्हतं. एका नांगराला जुंपलेल्या दोन बैलांना एकमेकांच्या खांद्याचं जे कळतं, ते होतं. आणि त्यातल्या एकानं आता मान काढून घेतली होती. तिच्या हातातल्या काचेला काय लागलं होतं? तिनं खरंच बोटांकडं बघितलं. स्वच्छ, साबणानं पांढरी पडलेली, नखं तळापर्यंत कापलेली बोटं. 

खुंटीची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. हंबीरराव मॅनेजर होऊन आले आणि विरजणाच्या खोलीत देवीचा फोटो बसला. तोवर त्या खोलीत चप्पल काढून, हात धुऊन, डोक्याला फडकं बांधून जायचं, कारण दुधाला जंतू लागतात. फोटो आल्यावर तिथं उदबत्ती आली, निरांजन आलं, शिळी झेंडूची माळ आली, माळेवर मुंग्या आल्या. दूध कशाचाही वास धरतं. उदबत्तीचा वास श्रीखंडात उतरला होता आणि गिऱ्हाईक त्याला केशर समजत होतं. शांभवीनं एकदा तोंड उघडलं, तेव्हा हंबीररावांनी चहा मागवला. ‘मॅडम, असं बघा. एकमेकांच्या श्रद्धा सांभाळून घ्यायच्या. सयाजीरावांनी माळ घेतलीय, त्यांचे नियम असतात. आता लेडीज स्टाफ चार दिवस त्या खोलीत गेला नाही तर बिघडतंय काय? कुणी विचारायला नको, कुणी सांगायला नको. ॲप्रन शेवटच्या खुंटीला टांगला की समजून घ्यायचं.’ तिनं काही बोलायच्या आत त्यांनी बशीत चहा ओतला आणि हसून पुढं म्हणाले, ‘तुमची ती दुपारची दहा मिनिटं आम्ही कधी मोजलीत काय?’ दहा मिनिटं म्हणजे जेवणाआधीची. काचसामानाच्या कोठीत, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये उभी राहून ती गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, एक बेलाचं पान वाहायची आणि मगच डबा उघडायची. ती कोठी आधीच्या साहेबांनी न मागता दिली होती. हंबीररावांनी ती काढून घेतली नाही. फक्त तिची किंमत सांगितली. आणि शांभवीनं, जिच्या आईनं त्या दिवशी तिचं बोट दुधात बुडवलं होतं त्या शांभवीनं, मान हलवली.

ती मान हललेली तिला पुढं कितीतरी वेळा आठवायची, दात घासताना, पोळी लाटताना, आणि दरवेळी आपल्याच मानेवर पाल पडल्यासारखं व्हायचं. कारण खुंटी एकटीची नव्हती. लॅबमध्ये चार बायका. सकाळी आत येणारा प्रत्येक पुरुष आधी खुंट्यांकडं बघायचा आणि मग नमस्कार करायचा. शिपाई बघायचा, टँकरचा ड्रायव्हर बघायचा, कॅन धुणारे दोघे काचेतून वाकून बघायचे. बाळासो तर व्हॉल्वपाशी उभा राहून गाणं म्हटल्यासारखं ओरडायचा, ‘आज शेवटच्या खुंटीला पावणी आलीया रं!’ आणि सगळे हसायचे, बायकाही, खालमानेनं. सयाजी हसायचा नाही. तो एकदा काळजीनं तिला म्हणाला होता, ‘आक्का, ह्या महिन्यात तुमचं चार दिवस आधी झालं. डॉक्टरला दाखवा.’ म्हणजे तो मोजत होता. उदबत्तीच्या धुरामागं उभा राहून, नाम घेत घेत, चार बायकांच्या अंगातले दिवस मोजत होता आणि त्याला ती आपली शुद्धता वाटत होती. शांभवी त्या संध्याकाळी घरी जाऊन दोनदा नाहली.

पण ती मोजणी खोटी होती, आणि हे फक्त तिलाच ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात, कुणाशी न बोलता, तिनं ठरवून टाकलं होतं. ॲप्रन शेवटच्या खुंटीला ती टांगायची, पण भलत्याच दिवशी. कधी पंधरा दिवस आधी, कधी आठवड्यानं मागं. खऱ्या दिवसांत ती नेहमीसारखी विरजणाच्या खोलीत जायची, देवीच्या फोटोखाली उभी राहून रुपेरी पातेल्यात विरजण घालायची, पळी सात वेळा फिरवायची, आणि मनात अव्वाची ओवी म्हणायची. सुरुवातीला ह्यात मजा होती. सगळ्यांना फसवल्याचा एक गोड, चोरटा घोट होता. मग मजा आटली. आपण त्यांना फसवतो म्हणजे त्यांची खुंटी आपण मानतो. दर महिन्याला चार दिवस ॲप्रन टांगताना हात तोच, लाज तीच, आणि बाळासोची आरोळी तीच. बाकीच्या तिघी खऱ्या दिवशी टांगतात, आपण खोट्या दिवशी, एवढाच फरक. अव्वा असती तर काय म्हणाली असती? तिनं खोटंही केलं नसतं. तिनं खुंटीच उपटली असती.

सातव्या माळेला तिचा ॲप्रन त्या खुंटीवर होता तो असाच. खरे दिवस पहिल्या माळेलाच येऊन गेले होते. त्याच दिवशी तिनं दसऱ्याच्या श्रीखंडासाठीचं मूळ विरजण नव्यानं लावलं होतं, आणि रोज त्यातलंच पुढं वाढवत आणलं होतं. ते फुललंही होतं असं की पळी उभी राहावी. सकाळच्या नळ्यांमध्ये तेच घातलेलं असे. तिन्ही टाक्यांचं दूध थोडं थोडं उकळून, निववून, विरजण घालून तीन तास उबेला ठेवायचं. ज्या टाकीची नळी लागली ती टाकी दह्याला चालेल, जी लागली नाही तिच्या दुधात औषध आहे. म्हशीची कास सुजून दगडी झाली की शेतकरी सडात औषधाची ट्यूब सोडतात, आणि तीन दिवस दूध घालू नये हे माहीत असूनही डेअरीला घालतात. औषधाला वास नसतो. नाकाला कळत नाही, विरजणाला कळतं. पहिली नळी लागली होती. दुसरी लागली होती. दोन्ही तिनं स्टँडवर उभ्या केल्या होत्या, सयाजीनं उदबत्ती ओवाळता ओवाळता लांबूनच बघून मान डोलावली होती. तिसरी तिच्या हातात होती, आणि तिसरी दुधासारखी हलत होती. ती ‘ही बघ’ म्हणणारच होती. तेवढ्यात तो म्हणाला, ‘खाली ठेवा, आक्का.’

तिनं ठेवली. काही न बोलता ठेवली आणि बाहेर कॅन धुण्याच्या चौकात जाऊन उभी राहिली. तिथं सोड्याच्या पाण्यात कालच्या दुधाच्या साया तरंगत होत्या, गटाराशी फेस पिवळा पडला होता, आणि तो आंबलेला, गरम, ओकारी आणणारा वास तिनं मुद्दाम छाती भरून घेतला. निदान हा वास खोटा नव्हता. आतून सयाजीचा आवाज आला, घंटेच्या आवाजात मिसळलेला: ‘बाळासो, तिन्ही सोड!’ तिला ऐकू आला. तिसरी नळी त्यानं बघितलीच नाही, हे तिला कळलंही. पाय उचलायला एक क्षण हवा होता, ओरडायला तेवढाही नको. पण तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: हातातनं घेतली नाहीस ना, मग बघ. ते ‘मग बघ’ तिच्या तोंडात आंबट थुंकीसारखं साठलं आणि तिनं ते गिळलं. व्हॉल्व फिरल्याचा करकर आवाज झाला, तिन्ही टाक्यांचं दूध एकाच मोठ्या भांड्यात उतरलं, आणि ती चौकात उभी राहून ऐकत राहिली.

आठव्या माळेला तीन हजार लिटर दूध तसंच्या तसं होतं. ना दूध, ना दही. वर एक निळसर पाणी आणि खाली सैल, लिबलिबीत काहीतरी, हात घातला तर बोटांना चिकटून तार येणारं. दसरा परवावर. हंबीरराव त्या भांड्याच्या कडेला उभे राहून नुसते ‘आरं, आरं, आरं’ म्हणत होते. मग कुणीतरी, बहुतेक बाळासोच, म्हणालं की परवा ती नवी पोरगी आत गेलती. नवी पोरगी म्हणजे प्रेरणा. गारगोटीची, बीएस्सी होऊन चारच महिने झालेले, अजून कायम न झालेली. तिचा ॲप्रनही सातव्या माळेला शेवटच्या खुंटीलाच होता, शांभवीच्या ॲप्रनला खेटून. तिचा मात्र खरा. ती स्वतःबद्दल बोलताना भुदरगडाकडच्या पोरी बोलतात तसंच बोलायची. काचसामानाच्या कोठीत शांभवीच्या हाताला धरून ती रडत होती, ‘मॅडम, मी निस्ता फ्लास्क आणायला गेलतो वो. कशाला हात लावला न्हाई. घरात मी एकटाच मिळवता हाय. आता काढलं तर आईला काय सांगू, का काढलं म्हणून? वडलांसमोर कसं सांगू?’ शांभवीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सांगायला हवं होतं, तिथंच, त्याच वेळी. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, ‘डोळे पूस. बघू.’ पोरीनं विश्वासानं डोळे पुसले, आणि शांभवीला तो विश्वास अंगावर सांडलेल्या आंबट दुधासारखा वाटला. झटकावं कसं कळेना. कोठीतून बाहेर पडताना तिला बेसिनपाशी सयाजी दिसला. त्याच्या हातात तिसरी नळी होती, सातव्या माळेची, अजून हलणारी. तो ती नळाखाली धरून ब्रशानं घासत होता, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. दोघांची नजर आरशात भिडली. तो म्हणाला, ‘काच राहू नये अशी, म्हटलं.’ तिनंही मान हलवली. दुसऱ्यांदा.

तिला भीती कशाची होती? दहा मिनिटांची? लॅबची इन्चार्ज म्हणून मिळालेल्या खुर्चीची? तेही होतं. पण खरं सांगायचं तर तिला खुंटीची भीती होती. नळीचं सांगायचं तर ‘तू का बोलली नाहीस’ हे सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर खोट्या ॲप्रनचं निघणार, आणि मग चार पुरुषांसमोर आपल्या अंगातलं मोजमाप आपणच उलगडून ठेवायचं. खरे दिवस कधी, खोटे कधी. तो विचार आला की तिचं सगळं अंग आक्रसून जायचं. तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांतून जे वाचवलं, ते आपल्याच तोंडानं त्यांच्या ताटात वाढायचं.

खंडेनवमीला लॅब सजली. लॅक्टोमीटरला हळदकुंकू, तराजूला झेंडू, फॅट काढायच्या यंत्राला आंब्याची डहाळी. यंत्रांना ओवाळून झाल्यावर विरजणाच्या खोलीतल्या फोटोला नैवेद्य दाखवला. मोठं भांडं वाया गेलं असलं तरी नैवेद्यापुरतं दही शांभवीनं सहाव्या माळेलाच, ॲप्रन टांगायच्या आदल्या दिवशी, वेगळ्या पातेल्यात लावलं होतं. त्याचं वाटीभर श्रीखंड झालं होतं, घट्ट, पांढरं, वर दोन केशरकाड्या. तिनं लावलं होतं, पण वाढलं सयाजीनं. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक चमचा. हंबीररावांनी मिटक्या मारत खाल्लं. बाळासोनं बोटं चाटली आणि म्हणाला, ‘काय लागलंय रं! आनी एक चमचा घाल की, देवी काय रागावत न्हाई.’ सयाजीनं शेवटचा चमचा स्वतःच्या हातावर घेतला, फोटोकडं बघितलं, डोळे मिटले आणि नऊ दिवसांचा उपास त्या श्रीखंडावर सोडला. त्याच्या मिशीच्या टोकाला पांढरा ठिपका राहिला. शांभवी तो ठिपका बघत होती. लहानपणी वासराच्या नाकाला असाच फेस असायचा, आणि ती पदरानं पुसायची. अकरा वर्षांत तिला ह्या माणसाची एवढी दया कधी आली नव्हती, आणि एवढी शिसारीही. दोन्ही एकाच घोटात.

हंबीररावांनी हात रुमालाला पुसले आणि कागद तिच्यासमोर सरकवला. टाईप केलेला, चार ओळींचा. प्रशिक्षणार्थीनं नियम मोडून विरजण हाताळल्यानं माल खराब झाला, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली रेघ, रेघेखाली तिचं नाव. ‘मॅडम, सही करा. सणाचा दिवस, लांबण नको. कारण आम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पोरीची अब्रू सांभाळलीय.’ प्रेरणा दाराशी, खुंट्यांच्या खाली उभी होती. तिला नैवेद्य कुणी दिला नव्हता. तिचा पाचवा दिवस होता, ॲप्रन आज दुसऱ्या खुंटीवर होता, तरी दिला नव्हता. शांभवीनं पेन घेतलं. टोपण काढलं. फॅटच्या यंत्राकडून स्पिरिटचा गोडूस, डोकं धरणारा वास येत होता, त्यात झेंडूचा, उदबत्तीचा, आणि गटारात ओतलेल्या तीन हजार लिटरचा. सगळे वास एकमेकांत कालवून तिच्या तोंडापर्यंत आले. गळ्यातली डबी घामानं छातीला चिकटली होती. तिनं ती पदराबाहेर काढली, सगळ्यांच्या देखत, आणि मुठीत धरली. लहानशी, गरम. कुठून तरी, बोट दुधात असल्यासारखी, ओवी थांबली.

‘सही नाही करणार,’ ती म्हणाली.

‘मॅडम...’

‘पोरीला बाजूला ठेवा. सातव्या माळेला तिसरी नळी लागली नव्हती. दुधात औषध होतं. मी ती सयाजीला द्यायला गेले.’ सयाजीचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच थांबला. ‘त्यानं हातातनं घेतली नाही. मी रागानं ठेवली आणि गप्प बसले. तिन्ही सोड म्हणाला तेव्हा मला ऐकू आलं होतं. तरी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यानं ती नळी धुतली, तेव्हाही. तर चूक लिहायची असेल तर आम्हा दोघांची लिहा.’

‘आक्का,’ सयाजी म्हणाला, त्याच मऊ आवाजात, ‘तुमचा ॲप्रन त्या खुंटीला होता. मी नवरात्रात...’

‘ॲप्रन खोटा होता, सयाजी.’ तिचा आवाज गल्लीभर जाईल एवढा मोठा झाला होता, आणि तो तिचा नव्हता, शिरोळकडचा होता. व्हॉल्वपाशी कुणीतरी पाणी बंद केलं. ‘तीन वर्षं खोटाच टांगतेय मी. माझे खरे दिवस पहिल्या माळेला होते. त्या दिवशी मी आत होते, तुझ्या फोटोखाली, आणि दसऱ्याचं विरजण मी ह्याच हातानं लावलं. दर महिन्याला मीच लावलंय, दर सणाला. आत्ता तू ज्याच्यावर उपास सोडलास, तेही त्यातलंच.’